लांडग्यांची आणेवारी

१९७३ साली इटलीत लांडगे किती होते, तर सुमारे शंभर. गेली पन्नास वर्षे हा आकडा युरोपात लांडग्यांविषयी कुठेही वाद निघाला की हजर होतो. तो काढला एरिक त्सिमेन आणि लुईजी बोइतानी या दोघांनी. इटलीच्या पाठीच्या कण्यासारख्या उत्तर-दक्षिण गेलेल्या ॲपेनाइन पर्वतरांगेत ते गावोगाव फिरले आणि १९७५ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. या दोघांनी शंभर लांडगे पाहिले नव्हते. पाहणे शक्यही नव्हते. डोंगरातला लांडगा रात्री हिंडतो, माणसाची चाहूल लागताच वाट सोडतो आणि एका कळपाचा मुलूख शंभर-दोनशे चौरस किलोमीटरचा असू शकतो. मग ही मोजणी म्हणायची कशी? मराठी माणसाला यासाठी परका शब्द शोधायला नको. महसूल खात्याकडे तो पूर्वापार आहे: नजरअंदाज. पीक शेतात उभे असतानाच गावाची नजरअंदाज पैसेवारी, म्हणजे जुनी आणेवारी, जाहीर होते. मग सुधारित, मग अंतिम. कुणीही गावातला दाणा न् दाणा मोजत नाही, तरी त्या आकड्यावर सारासूट आणि दुष्काळी सवलती ठरतात. लांडग्यांच्या गणनेचा इतिहास असाच आहे. डोंगरात लांडगा मोजला जात नाही, त्याची आणेवारी होते. आणि आणेवारी चांगली की वाईट हे ती किती नेमकी दिसते यावरून ठरवू नये. न पाहिलेल्याचा हिशेब ती उघडपणे मांडते की नाही, हे पाहावे.

१९७३ च्या आधीची हजारेक वर्षे लांडग्यांचे जे आकडे मिळतात ते मेलेल्यांचे. फ्रँकांच्या शार्लमेन राजाच्या काळातला, साधारण इसवी सन ८०० च्या सुमाराचा, राजाच्या खासगी जमिनींच्या कारभाराचा हुकूमनामा आहे. प्रत्येक कारभाऱ्याने किती लांडगे धरले ते कळवावे, कातडी दरबारी पाठवावी आणि मे महिन्यात पिल्ले शोधून विष, गळ, खड्डे आणि कुत्रे यांनी मारावीत, असे त्यात सांगितले आहे. पिल्ले वसंतात जन्मतात, हे तो हुकूमनामा लिहिणाऱ्या कारकुनाला पक्के ठाऊक होते. पण राजाला हवा होता तो कातड्यांचा आकडा. जिवंत किती उरले हा प्रश्नच कुणाच्या मनात नव्हता, कारण अपेक्षित उत्तर शून्य होते. पुढे युरोपभर बक्षिसांच्या वह्या भरल्या. ब्रिटिशांनी हिंदुस्थानातही तेच केले. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत इथे दोन लाखांवर लांडगे मारले गेल्याचा अंदाज बक्षिसांच्या नोंदींवरूनच काढला जातो. अशा वह्यांत संख्या नेमकी असते, सही-शिक्क्यानिशी असते, आणि जिवंत लांडग्यांविषयी ती जवळजवळ काहीच सांगत नाही. बक्षीस वाढले की कातडी वाढतात; बक्षीस बंद झाले की कागदावरचे लांडगे संपतात. इटलीच्या आल्प्समधून लांडगा विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत नाहीसा झाला. उरला तो ॲपेनाइनमध्ये, तोही कायद्याने ‘उपद्रवी’ ठरलेला, म्हणजे बंदुकीने, फासाने किंवा स्ट्रिक्नीनच्या आमिषाने केव्हाही मारायला मोकळा. स्ट्रिक्नीन म्हणजे आपल्या कुचल्याच्या बियांतले विष.

जुलै १९७१ मध्ये सरकारी आदेशाने शिकार तात्पुरती थांबली आणि विषारी आमिषांवर बंदी आली. कायमचे संरक्षण १९७६ चे. मधल्या काळात प्रश्न उलटा झाला. आता मारायचे नव्हते, राखायचे होते, आणि किती राखायचे हे कुणालाच सांगता येत नव्हते. डब्ल्यूडब्ल्यूएफची इटलीतली शाखा आणि आब्रुत्सो राष्ट्रीय उद्यान यांनी मोहीम काढली आणि तिला गुब्बियोच्या लांडग्याला माणसाळवणाऱ्या संत फ्रान्सिसचे नाव दिले. त्सिमेन आणि बोइतानी यांचे काम या मोहिमेतले. मेंढपाळ, शिकारी, वनरक्षक यांच्या मुलाखती, मारलेल्या मेंढ्यांच्या तक्रारी, हिवाळ्यात बर्फावरचे माग, आणि त्यावरून नकाशा. नकाशावर उमटली ती तुटक बेटे: उत्तरेला सिबिल्लिनीचे डोंगर, मध्ये आब्रुत्सो, खाली कालाब्रियातले सिलाचे पठार. मुलाखतींचा एक धोका त्यांना लवकरच कळला. मेंढी फाडली की गावात एकच ओरड होई: लांडगा. पण त्या डोंगरांत मोकाट आणि रानटी झालेली कुत्री लांडग्यांच्या कित्येक पटींनी होती. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतला पोरगा मुद्दाम खोटे बोलतो. इथला मेंढपाळ खोटे बोलत नव्हता, त्याने सकाळी पाहिलेले मढे खरेच होते. फक्त मारेकरी दुसरा असण्याची शक्यता मोठी होती. म्हणून तक्रारींच्या बेरजेतून आलेला लांडग्यांचा आकडा फुगीर निघणार, आणि तो खाली आणायचा तर बर्फावरच्या मागाची साक्ष लागणार.

शंभर हा आकडा फार कमी होता, असा आक्षेप पुढे निघाला. तुटक बेटांच्या मधल्या डोंगरांत कुणी फिरलेच नव्हते, तिथेही लांडगे असतील, हे म्हणणे रास्त आहे. नंतरच्या वाढीवरून मागे हिशेब करता येईल का? २०२०-२१ च्या देशव्यापी पाहणीत ३,३०७ हा अंदाज निघाला. १९७३ मध्ये खरोखर शंभर असतील तर ४८ वर्षांत वर्षाला साडेसात टक्क्यांच्या आसपास वाढ झाली. दोनशे असतील तर सहा टक्के. तीनशे असतील तर पाच. छळ थांबला आणि खायला रानडुक्कर, हरीण मिळू लागले की लांडगे वर्षाला वीस-तीस टक्क्यांनीही वाढू शकतात. तेव्हा हे तिन्ही दर सहज शक्य कोटीतले आहेत आणि हिशेब कुणाच्याच बाजूने कौल देत नाही. याचा अर्थ १९७३ चा आकडा टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. तो कुठून आला हे छापील आहे, कोणते डोंगर पाहिले आणि कोणते नाहीत हे कळते, म्हणूनच त्याच्यावर आक्षेप घेता येतो. बक्षिसांच्या वहीवर असा आक्षेप घ्यायला जागाच नसते.

बर्फावरचा माग म्हणजे नेमके काय, हे जवळून पाहण्यासारखे आहे. लांडगे बर्फात एकामागे एक चालतात आणि मागचा पुढच्याच्याच ठशात पाऊल टाकतो. भुसभुशीत बर्फ एकाने फोडला की बाकीच्यांचे श्रम वाचतात. पाच लांडगे गेले तरी मागे ठशांची एकच रेघ उरते, आणि नवखा माणूस वहीत ‘एक’ लिहून मोकळा होतो. जाणता माग काढणारा रेघ धरून मैल-मैल चालतो, बहुधा उलट्या दिशेने, म्हणजे लांडगे जिकडून आले तिकडे, नाहीतर आपणच त्यांना पुढे हाकलत राहू. तो वाट पाहत असतो ती रेघ फुटण्याची. झुडपाला वळसा घालताना एकजण डावीकडून गेला, ओहोळ ओलांडताना दोघांनी वेगळा दगड निवडला, कड्याच्या टोकाला एकाने मुतून खूण केली आणि बाकीचे थांबून हुंगत बसले. तिथे रेघ उलगडते आणि मोजता येते. तीन, चार, की पाच. पुढे पुन्हा मिटते. दोन फाटे एका ठिकाणी चार दाखवतात आणि दुसऱ्या ठिकाणी पाच, तर खरे पाच. कमी मोजले जाण्याकडेच या कामाचा कल असतो. शिवाय बर्फ ताजा हवा. पडून एक-दोन रात्री झालेल्या असाव्यात, जास्त नाही, वारा नको, ऊन नको. दक्षिण ॲपेनाइनमध्ये असे दिवस हिवाळ्यात मोजकेच मिळतात, आणि एकाच दिवशी शेजारच्या दोन खोऱ्यांत माणसे नसतील तर कालचा कळप आज पलीकडे जाऊन दुसऱ्यांदा वहीत चढतो.

दुहेरी नोंद हा डोंगराचा खास रोग. रोमानियाच्या कार्पेथियन डोंगरांत शिकारीच्या हद्दी आखलेल्या आहेत आणि प्रत्येक हद्दीचा व्यवस्थापक आपापला आकडा वर पाठवायचा. कळपाला हद्द ठाऊक नसते. एकच कळप तीन-चार हद्दींत फिरतो आणि तीन-चार अहवालांत शिरतो. प्रत्येक अहवाल आपल्यापुरता खरा, बेरीज मात्र फुगलेली. आपल्याकडे वाघांचे याहून वाईट झाले. १९६६ पासून रुळलेली पगमार्कची, म्हणजे पंजाच्या ठशांची, रीत प्रत्येक ठशावरून प्रत्येक वाघ ओळखता येतो असे धरून चालत होती. १९७२ मध्ये त्यातून १,८२७ हा आकडा निघाला, एककासह. २००४-०५ मध्ये राजस्थानातल्या सारिस्कात कागदावर वाघ होते आणि रानात एकही नव्हता. मग कॅमेरे लागले आणि २००६ साठीचा अंदाज आला १,४११, तोही कमाल-किमान मर्यादेसकट. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाण बांधून करायच्या आपल्या प्राणीगणनेलाही हल्ली बऱ्याच ठिकाणी ‘निसर्गानुभव’ म्हणतात. नाव बदलले ते प्रामाणिकपणाच झाला. पाण्यावर आलेले दिसतात, न आलेल्यांचा हिशेब त्या रात्रीत नसतो.

उन्हाळ्यात बर्फ नसतो, तेव्हा आवाजाचा आधार. कॅनडातल्या अल्गॉनक्विन उद्यानात डग्लस पिमलॉट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रात्री लांडग्यासारखा हेल काढून उत्तराची वाट पाहण्याची रीत बसवली. पुढे ती इटलीच्या डोंगरांतही आली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पिल्ले एका जागी ठेवलेली असतात आणि मोठ्यांपेक्षा ती लवकर उत्तर देतात. त्यांचा चिरका, तुटक स्वर ऐकू आला की या खोऱ्यात यंदा वीण झाली एवढे पक्के. किती, ते मात्र नाही. दोन-तीन लांडगे एकत्र सूर लावतात तेव्हा प्रत्येकजण स्वर इतक्या भरभर बदलतो आणि दरीत तो असा घुमतो की दहा-बारा असावेत असे वाटते. शेजारच्या कळपाला हूल द्यायला ते बरे, मोजणाऱ्यालाही ते हूलच देते. म्हणून रीत पडली ती अशी: कळप किती ते ठरवायचे, कळपाच्या हिवाळी सरासरीने गुणायचे, आणि कुठल्याच कळपात नसलेल्या एकांड्यांसाठी दहा-पंधरा टक्के वर धरायचे. या गुणाकारात महिना विसरला तर सगळे फसते. मे महिन्यात पिल्ले होतात, हिवाळ्यापर्यंत त्यांतली बरीच मरतात. मेचा आकडा आणि मार्चचा आकडा ताडून पाहणे म्हणजे सुगीचे कोठार आणि आषाढातले कोठार ताडून पाहणे.

नव्वदच्या दशकापासून विष्ठेतून डीएनए काढता येऊ लागला आणि आता एकदाची खरी शिरगणती होणार असे अनेकांना वाटले. विष्ठेच्या बाहेरच्या बुळबुळीत थरात लांडग्याच्या आतड्याच्या पेशी चिकटलेल्या असतात. वाटेच्या चौकात, दगडावर, मुद्दाम दिसेल अशी टाकलेली ती विष्ठा माणूस उचलतो, तिचा कपटा अल्कोहोलच्या नळीत टाकतो, जागा आणि तारीख लिहितो. थंडीत ती टिकते, पावसात पेशी धुऊन जातात. प्रयोगशाळेत त्या तुटक्या धाग्यांच्या प्रती काढून प्रत्येक लांडग्याची जनुकीय ओळख ठरते. गोम इथेच आहे. धागा फार झिजलेला असेल तर आई आणि बाप यांच्याकडून आलेल्या दोन खुणांपैकी एकच उमटते, आणि जुनाच लांडगा नवा म्हणून वहीत चढतो. असा कधीच जन्माला न आलेला लांडगा यादीत येऊ नये म्हणून एकच नमुना पुन्हा पुन्हा तपासावा लागतो, आणि त्याने खर्च वाढतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सगळ्यांची विष्ठा कधीच हाती लागत नाही. तेव्हा पुन्हा अंदाजच, पण शिस्तीचा. पहिल्या फेरीत ५० लांडगे ओळखले. दुसऱ्या फेरीत ६० सापडले आणि त्यांतले ३० ओळखीचे निघाले. दुसऱ्या फेरीत निम्मे ओळखीचे, म्हणजे पहिले ५० हे एकूण संख्येच्या निम्मे, म्हणजे शंभर. मासे आणि बदके मोजताना ही युक्ती जवळपास शतकभर वापरात आहे. लांडग्यांत मात्र कळपाची धनी जोडी वाटांवर सतत खुणा करत हिंडते, म्हणून तीच पुन्हा पुन्हा सापडते. बुजरी पोरे निसटतात. हा फरक हिशेबात धरला नाही तर ओळखीचे प्रमाण खोटेच वाढते आणि एकूण आकडा खाली घसरतो.

इटलीची २०२०-२१ ची पाहणी या सगळ्या अनुभवाचे फळ होती. इस्प्रा या राष्ट्रीय पर्यावरण संस्थेने ती जुळवून आणली. ऑक्टोबर ते एप्रिल तीन हजारांवर माणसे सुमारे ८५,००० किलोमीटर चालली, जवळपास १६,००० विष्ठा नोंदल्या गेल्या, त्यांतल्या सुमारे १,५०० नमुन्यांची जनुकीय तपासणी झाली. आल्प्समध्ये ९४६, द्वीपकल्पात २,३८८, देशभर ३,३०७; तिन्ही वेगळे अंदाज, म्हणून बेरीज तंतोतंत जुळत नाही. पण अहवालातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो या आकड्याचा पदर: २,९४५ ते ३,६०८. आपल्याला किती माहीत नाही याची लांबी-रुंदी तो सांगतो. १९७३ आणि २०२१ मधला खरा पल्ला एवढाच आहे. द्वीपकल्पात तर लांडगा कुणाला म्हणायचे हाही प्रश्न निघाला, कारण तपासलेल्या नमुन्यांपैकी चौथाईच्या आसपास नमुन्यांत जवळच्या किंवा लांबच्या पिढीत कुत्र्याचा संकर दिसला. त्यांना वेगळे काढले तर आकडा एक, धरले तर दुसरा. मोजणारा चुकला असे दोन्ही वेळा म्हणता येत नाही.

मेंढपाळांचा आक्षेप निराळा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. त्यांचे म्हणणे, आकडे कचेरीत शिजतात. आम्हाला दर आठवड्याला दिसतात तेवढे तुमच्या वहीत का नाहीत? एक उत्तर असे की दर आठवड्याला दिसणारे पाच हे बहुधा तेच पाच असतात. पण दुसरे उत्तर त्यांच्या बाजूचे आहे. आकडा कशासाठी हवा हे ठरवणारे तो पदर कापून टाकतात. २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने संघातले लांडगे २०,३०० सांगितले. वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळ्या रीतींनी, वेगवेगळ्या महिन्यांत काढलेल्या अंदाजांची ती बेरीज. पण बातमीत आणि सभागृहात ती शिरगणती म्हणून गेली. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपातल्या वन्यजीवांच्या रक्षणासाठी असलेल्या बर्न करारातील लांडग्याचे ‘कडक संरक्षण’ सैल करण्याचा निर्णय झाला. निर्णय योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. कुणी म्हणतात, संख्येच्या मागे लागूच नका, वाढ की घट एवढे कळले की पुरे, आणि नुकसान भरून द्या. वाढ-घट कळायलाही रीत तीच ठेवावी लागते, आणि १९७३ पासून इटलीत रीत बदलत गेली. शिवाय मारायचा परवाना टक्क्यांत द्यायचा ठरला की कशाचे टक्के, हे सांगावेच लागते.

फ्रान्सने तेच ठरवले. इटलीतून डोंगर चढून आलेले दोन लांडगे नोव्हेंबर १९९२ मध्ये मेर्काँतूरच्या उद्यानात दिसले. तीस वर्षांत त्यांची पिलावळ आणि पाठोपाठ आलेले आल्प्सभर पसरले. वर्षाच्या अंदाजाच्या १९ टक्के लांडगे मारायची मुभा, असा २०२४ साली तिथला नियम होता. २०२२-२३ च्या हिवाळ्याचा अंदाज आधी ९०६ जाहीर झाला. काही महिन्यांनी प्रयोगशाळेत उरलेले नमुने तपासून झाले आणि त्याच हिवाळ्याचा आकडा १,१०४ झाला. आपल्या भाषेत नजरअंदाज आणि सुधारित. मधल्या काळात डोंगरात एकाही पिल्लाची भर पडून हा फरक आलेला नव्हता. ९०६ चे १९ टक्के होतात १७२. १,१०४ चे २०९, आणि २०२४ सालची मर्यादा २०९ च ठरली. अल्कोहोलच्या नळ्यांत तपासणीची वाट पाहत पडलेल्या विष्ठेवर सदतीस लांडग्यांचे जगणे-मरणे अडले होते.